कमान बघून झाली, आता वेटोळं बघा

गेल्या अंकात प्राचीन इटलीतल्या कांस्याच्या वस्त्रपिनांवर मी पानभर टिपण लिहिलं होतं. अंगावर ओढून घेतलेलं लोकरी वस्त्र खांद्यावर किंवा छातीवर अडकवून ठेवणारी ही पिन. तिला चार अंगं असतात: वरची कमान, एका टोकाला वेटोळं, त्यातून निघालेली सुई, आणि दुसऱ्या टोकाला सुईचं अग्र अडकवायची पन्हळ. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत तिला फिबुला म्हणतात. ती घडवत कशी हे त्या टिपणात जागेअभावी राहून गेलं, आणि बहुतेक पत्रांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आहे. जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणं हे माझं काम आहे, त्यामुळे उत्तरं घडणीकडे जास्त झुकली आहेत.

मुलाकडे इटलीला गेलो असता बोलोन्याचे पुरातत्त्व संग्रहालय पाहिले. कपाटेच्या कपाटे या पिनांनी भरलेली आहेत. एकेका कबरीत इतक्या पिना कशासाठी ठेवत? लोक खरोखर एवढ्या पिना लावून वावरत होते का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

बोलोन्यात तुम्ही पाहिलंत ते या विषयाचं माहेरघरच आहे. तिथून जवळच व्हिलानोव्हा नावाचं गाव आहे. १८५३ साली जोव्हान्नी गोत्झादिनी यांना तिथे एक जुनी दफनभूमी सापडली. इटलीच्या सुरुवातीच्या लोहयुगातल्या, ढोबळमानाने इ.स.पू. ९०० ते ७०० या काळातल्या संस्कृतीला त्या गावावरून व्हिलानोव्हन म्हणू लागले. रोमच्या उदयाआधी मध्य इटलीत नांदलेल्या एत्रुस्कन लोकांची ही सुरुवातीची अवस्था.

हे लोक बहुतेक वेळा मृतांचं दहन करत. अस्थी आणि राख मातीच्या उंच कुंभात भरत आणि त्यावर वाडगा पालथा घालत. आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. काही ठिकाणी तो कुंभच गेलेल्या माणसाच्या जागी मानत. त्याला वस्त्र गुंडाळत आणि ते वस्त्र पिनांनी अडकवत. रिमिनीजवळच्या व्हेरुक्क्योत हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथल्या मातीत लाकूड आणि कापडसुद्धा टिकलं. तिथल्या एका श्रीमंत कबरीत कोरीव लाकडी सिंहासन मिळालं. त्यावर सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका कोरल्या आहेत. त्याच कबरीतून अर्धगोलाकार काठाची लोकरी वस्त्रंही मिळाली.

म्हणून संग्रहालयात एका कबरीच्या पिना बघताना दोन जाती वेगळ्या करून बघाव्यात. काही वाकड्या झालेल्या, पृष्ठभाग वितळून खडबडीत झालेल्या असतात. त्या चितेवर अंगावर होत्या. काही अगदी धड असतात. त्या नंतर, कुंभ सजवताना किंवा कबर बंद करताना ठेवलेल्या. तेव्हा एका कबरीतल्या सगळ्या पिना त्या माणसाने एकाच वेळी लावल्या असतील, असं मुळीच समजू नये.

बाई-पुरुषांच्या पिनाही बऱ्याच ठिकाणी वेगळ्या असत. रोमच्या पूर्वेला, प्राचीन गाबी नगराजवळ ओस्तेरिया देल्लोसा इथे आन्ना मारिया ब्येत्ती सेस्तिएरी यांनी सहाशेच्या आसपास कबरी उकरून फार काळजीने नोंदवल्या. तिथे साध्या किंवा जाड कमानीच्या पिना बायकांच्या कबरीत मिळतात, तर सापासारख्या वळणाच्या, कमानीतच एक जादा वेढा असलेल्या पिना पुरुषांच्या. अस्थींवरून ठरवता येत नाही तिथे पिनेचा आधार घेतात. मला हा आधार पुरेसा वाटत नाही. सोबत चातीची चकती किंवा वस्तरा आहे का, हे बघूनच बोलावं.

बोलोन्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली असेल तर पुढच्या खेपेला जरूर बघा. १८७७ मध्ये सान फ्रांचेस्को चर्चजवळ जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण सापडला. त्यात कांस्याचे साडेचौदा हजारांहून जास्त तुकडे होते, वजन सुमारे १४०० किलो. कुऱ्हाडी, विळे, पिना, पत्र्याचे तुकडे, कच्च्या धातूचे गोळे. यातलं बरंचसं मोडकं आहे, पुन्हा वितळवण्यासाठी साठवलेलं. कबरीतली पिन म्हणजे आयुष्य संपवून निवांत झालेली वस्तू. रांजणातली पिन मुशीत जायची वाट बघत होती. एका शहरात दोन्ही बघायला मिळतात, हे भाग्यच म्हणायचं.

माझा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना आहे. आम्ही फॉस्फर ब्राँझची ओढीव तार विकत घेतो आणि मशीनवर गुंडाळतो. त्या लोकांकडे ना तार ओढायची डाय, ना तापमान मोजायचं साधन. मग तुमच्या त्या वेटोळ्यात स्प्रिंगपणा आला कुठून?
— एक उद्योजक, उद्यमनगर, कोल्हापूर

हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. संग्रहालयात सगळे कमानीवरची नक्षी बघतात आणि वेटोळ्यावरून नजर पुढे जाते. माझ्या मते या वस्तूतलं सगळं कसब वेटोळ्यात आहे.

तुमची तार कडक असते ती डायमधून थंड अवस्थेत दाबून ओढल्यामुळे. तोच दाब त्यांनी हातोडीने दिला. यंत्र नव्हतं म्हणून स्प्रिंग नव्हती, असं होत नाही. दाब कुठून येतो याच्याशी धातूला काही देणं-घेणं नाही.

पहिल्यापासून सांगते. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं. त्यात दहा टक्के कथील पडलं की हजार अंशांच्या आसपासच रस पूर्ण पातळ होतो. भाता मारलेल्या कोळशाच्या भट्टीत हे तापमान गाठता येतं. कथिलाचं हे प्रमाण फार मोलाचं आहे. आपल्याकडच्या काशाच्या वाटीत कथील बावीस टक्क्यांच्या आसपास असतं. ती फरशीवर पडली तर तडकते, आणि थंडपणी ठोकायला गेलं तर फुटतेच. म्हणून ती लाल असतानाच ठोकून घडवतात. पिनेच्या कांस्यात कथील साधारण आठ-दहा टक्के, म्हणजे थंड ठोकता येईल इतकं मऊ आणि ठोकल्यावर कडक होईल इतकं दणकट. या दोन्हींच्या मधली ती जागा आहे.

ओतलेली कांडी पेन्सिलीएवढ्या जाडीची असली तर ऐरणीवर आधी ती चौकोनी ठोकायची, मग कडा मारून अष्टकोनी, मग त्याही कडा मारत मारत गोल. आमच्या कार्यशाळेत आम्ही याच रीतीने नमुने घडवतो. कांस्य ठोकताना हाताला आणि कानाला स्पष्ट कळतं. सुरुवातीला हातोडी धातूत रुतल्यासारखी बसते, आवाज बद्द येतो. थोड्या वेळाने ती उसळायला लागते आणि आवाज चढतो. तो चढला की थांबायचं. थांबला नाहीत तर कांडीच्या कडेला केसाएवढी भेग दिसते, आणि ती पुढे आत जात राहते. थांबून कांडी पुन्हा कोळशात ठेवायची, गडद लाल होऊ द्यायची, म्हणजे ती परत मऊ होते. मग हवेत गार करा नाहीतर पाण्यात बुडवा. पोलादासारखं हे कांस्य पाण्यात कडक होत नाही. तापमापक नसला तरी चालतं, कारण सावलीत बसून काम केलं तर लाल रंगाच्या छटा डोळ्याला फार बारकाईने कळतात. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट आजही तांब्याचं भांडं असंच रंगावरून नरम करतात. माझं बालपण त्या आळीच्या ठोक्यांत गेलं आणि कान तिथेच तयार झाला.

हे अंदाजाने सांगत नाही, धातू स्वतः सांगतो. तुटलेल्या पिनेचा कणभर तुकडा घासून, चकचकीत करून, आम्लाचा हात देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की धातूचे कण दिसतात. तापवून नरम केलेल्या कणांमध्ये सरळ कडांचे पट्टे असतात. त्यावर नंतर थंड हातोडी पडली असेल तर कणांवर बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. पट्टे आणि त्यांवर रेघा असं दोन्ही दिसलं की शेवटचा हात आगीचा नव्हता, हातोडीचा होता, हे नक्की. नरम केलेल्या अवस्थेपेक्षा असं ठोकलेलं कांस्य दुपटीहूनही जास्त कठीण होऊ शकतं.

आता खरी गुंतागुंत. तुमच्या कारखान्यात स्प्रिंग वेगळी, खिळा वेगळा, चाप वेगळा. इथे सगळी पिन बहुधा एकाच कांडीतून निघते आणि तिच्या प्रत्येक अंगाची गरज वेगळी आहे. पन्हळ घडवायची तर ते टोक चपटं ठोकून दुमडावं लागतं, म्हणजे ते नरम हवं. वेटोळ्याला उसळी हवी. सुई ताठ हवी, पण इतकी ताठ नको की वाकवल्यावर मोडेल. मग कारागीर काय करतो? आधी कमान आणि पन्हळीकडचं टोक उरकतो. दुसरं टोक ठोकत ठोकत लांब तार करतो. शेवटचं एकदा नरम करतो आणि ती तार एका दांडीभोवती वेढून वेटोळं घेतो. वेढतानाच ते थोडं कडक होतं. त्यानंतर सुईवर हलके ठोके आणि दगडावर घासून टोक. यानंतर आग अजिबात नाही. पिन पुन्हा लाल झाली की उसळी गेलीच. चितेवर गेलेल्या पिनांचं हेच झालेलं असतं.

व्हेरुक्क्योच्या काही पिनांच्या कमानीवर अंबराच्या चकत्या ओवलेल्या आहेत. अंबर बाल्टिकच्या किनाऱ्यावरून आलेलं, झाडाच्या चिकाचं दगड झालेलं द्रव्य. ते आगीत जळतं. म्हणजे चकत्या ओवायच्या त्या शेवटच्या आगीनंतर, आणि दोन्ही टोकं बंद व्हायच्या आधी. उरलेलं सगळं थंड हाताने करायचं. एक ठोका चुकला तर बाल्टिकहून आलेला माल फुटणार. मला त्या कारागिराच्या हाताचा हेवा वाटतो.

वेढे किती द्यायचे हेही त्यांना कळत होतं. इ.स.पू. तेराव्या शतकात, गार्दा सरोवराकाठच्या पेस्किएराच्या वस्तीत मिळतात तशा पिना अगदी साध्या आहेत: तार दुमडलेली, एक वेढा, कमान जवळजवळ सपाट. व्हायोलिनच्या गजासारखी दिसते म्हणून तिला तेच नाव पडलं. पुढे कमान उंच झाली, कारण जाड लोकर मावायला जागा हवी. वेढे दोन-तीन झाले, म्हणजे वाकण्याचा ताण जास्त लांबीवर वाटला जाऊ लागला. हे गणित तुम्हाला मी शिकवायला नको.

तरीही पिना मोडतच. बहुतेक वेळा वेटोळं आणि सुई यांच्या सांध्याशी. मग कमानीच्या टोकाला भोक पाडून नवी सुई बसवत, कधी तीच लोखंडाची. अशी दुरुस्त केलेली पिन दिसली की मी जास्त वेळ थांबते. ती कोणाला तरी हवीशी होती.

आमचे चांदीचे काम. पोकळ दागिना करायचा तर आम्ही पत्र्याचे दोन भाग उठवून डाख लावून जोडतो. तुमच्या टिपणातील फोटोत फुगीर पोटाची पिन आहे. ती भरीव असेल तर फार जड होईल. मग ती जोडलेली आहे का?
— एक कारागीर, हुपरी

तुमची शंका रास्त आहे. जोड मात्र नाही. ती ओतलेली आहे, आणि आतून भरीव नाही.

इटालियन अभ्यासक अशा फुगीर पिनेला जळूची पिन म्हणतात आणि खालून उघडी असली तर होडीची. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत या दोन्ही फार चालल्या, विशेषतः बायकांच्या वस्त्रांवर. आधी मातीचा गाभा करायचा, कमानीच्या आकाराचा पण किंचित लहान. तो वाळला की त्यावर मेणाचा पातळ थर. मेणाला दोन्ही बाजूंनी मेणाच्याच काड्या जोडायच्या, कारण पुढे त्यांतूनच वेटोळं, सुई आणि पन्हळ निघणार आहेत. वरून बारीक मातीचा लेप, मग भरड मातीचा. साचा तापवला की मेण निघून जातं आणि त्या पोकळीत रस जातो.

पण तुमच्यासारखा माणूस लगेच विचारेल: मेण गेल्यावर आतला गाभा अधांतरी राहतो, तो एका बाजूला पडत कसा नाही? त्यासाठी मेणातून आरपार, गाभ्यात आणि बाहेरच्या साच्यात रुतलेल्या धातूच्या बारीक खुंट्या ठोकतात. रस भरताना गाभा जागेवर राहतो. नंतर खुंट्या कापल्या किंवा काढल्या, तर तिथे लहानशी भोकं उरतात. संग्रहालयात जळूच्या पोटाला एखादं भोक दिसलं तर ते बहुधा गंजाचं नसतं, या खुंटीचं असतं. पुष्कळ जळवांमध्ये तो मातीचा गाभा अजूनही आहे. वेढा तुटून पिन उघडी पडली की त्या फटीतून भाजलेली माती दिसते, राखाडी किंवा लालसर. हाताळताना मी आधी ती फट बघते. होडीच्या पिनेत खालची बाजू उघडी असल्यामुळे गाभा खरवडून काढलेला असतो, म्हणून ती आणखी हलकी.

बस्तरचे ढोकरा कारागीर मूर्ती ओततात तेव्हा मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात. तत्त्व तेच आहे. फरक हा की ढोकऱ्याची मूर्ती ओतून झाली की घासून-पुसून काम संपतं, आणि इथे ओतून झाल्यावर अर्धं काम बाकी असतं: दोन्ही शेपट्या ठोकून तार आणि पत्रा करायचा. ओतीव आणि घडीव ही दोन्ही कामं एकाच वस्तूत आली की मिश्रधातू निवडणं अवघड होतं. शिसं घातलं तर रस पातळ होऊन साच्यात नीट पसरतो, पण शिसाळ कांस्य ठोकताना तडकतं. म्हणजे साच्याला सोपा धातू ऐरणीला अवघड.

नक्षी मेणात काढली की धातूवर, हे भिंगाखाली कळतं. मेणात ओढलेल्या रेघेच्या कडा ओतल्यावर गोलसर येतात. धातूवर छिन्नीने मारलेल्या किंवा कोरलेल्या रेघेच्या कडा धारदार असतात, आणि कोरणी वळवताना जिथे थांबली तिथे टोकाशी बारीक खूण राहते. तिरप्या रेघांचे पट्टे, माशाच्या काट्यासारखी नक्षी, एकात एक वर्तुळं, हे त्यांचं नेहमीचं भांडार.

अशा पिना ओतणारी एक जागा आपल्याला माहीत आहे. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर, जिथे इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीक येऊन राहिले, तिथल्या माझ्झोला या धातुकामाच्या वस्तीत जळूच्या पिनेच्या कमानीचं फसलेलं ओतकाम मिळालं. बेटावर उत्खनन करणाऱ्या जॉर्जो बुक्नर यांनी तिथल्या बायकांच्या कबरींतल्या इटालियन धाटणीच्या पिनांवरून असं सुचवलं की ग्रीक पुरुषांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली असावीत. शक्य आहे. पण पिना बेटावरच ओतल्या जात होत्या, म्हणजे त्या विकतही घेता येत होत्या. एवढ्यावरून सुनेचं माहेर ठरवायला मी धजणार नाही.

या पिना त्या काळीही हिरव्या दिसत होत्या का?
— इयत्ता नववीचा विद्यार्थी, बारामती

नाही. नव्या असताना त्या पिवळ्या-सोनेरी चमकत. कथील जितकं जास्त, तितका रंग तांबूसकडून पिवळ्याकडे जातो. हिरवा रंग जमिनीत शतकानुशतकं पडून, ओलावा आणि क्षार यांच्याशी धातूचा संबंध येऊन आला. तो गुळगुळीत आणि घट्ट असेल तर आम्ही त्याला हात लावत नाही, तो धातूचं रक्षणच करतो. फिकट हिरवी भुकटी मात्र धोक्याची. जमिनीतल्या क्लोराइडमुळे धातू आतून खात चालल्याची ती खूण. अशी वस्तू लगेच कोरड्या हवेत बंद करावी लागते. कोणी चिंच किंवा लिंबू लावून ती घासू नये.

पुरातत्त्वाच्या वर्गात सर म्हणाले की इटलीत कबरीचा काळ पिनेवरून ठरवतात. एवढ्याशा वस्तूवरून शतक कसे सांगता येते?
— विद्यार्थिनी, पुणे

पिनेची चाल बदलत राहते आणि ती कबरीत पुरली जाते, म्हणून. इथली सगळी शतकं इ.स.पू. आहेत. जुन्या, नवव्या-आठव्या शतकांतल्या पिनांची पन्हळ आखूड असते. आठव्याच्या शेवटी आणि सातव्यात ती लांबत जाते, इतकी की काही वेळा कमानीपेक्षा पन्हळच लांब दिसते. सहाव्याच्या अखेरीस पुन्हा वेगळी घडण येते: पन्हळीच्या टोकाला वर उचललेलं बटण. हिला चेर्तोझा पिन म्हणतात, कारण बोलोन्याच्या चेर्तोझा दफनभूमीत १८६९ पासून आंतोनियो झान्नोनी यांनी केलेल्या उत्खननात ती भरपूर मिळाली. पाचव्या शतकात ती आल्प्स ओलांडून पार स्लोव्हेनियापर्यंत पोचलेली दिसते.

वस्तूंच्या आकारांची अशी साखळी लावून काळ ठरवायची पद्धत रुजवण्यात स्वीडनच्या ओस्कार मोंतेलियुस यांचा मोठा वाटा, आणि त्यांचं आवडतं उदाहरण इटालियन पिनाच होत्या. एक लक्षात ठेव. पिन कधी घडली हे ती सांगते, कधी पुरली हे नाही. आजीची पिन नातीच्या कबरीत असू शकते. म्हणून एका पिनेवर शतक टांगू नये; त्याच कबरीतली मातीची भांडी, बाकीच्या पिना, सगळं मिळून बोलावं. आणि झीज बघ. पन्हळीत सुई बसते तिथे खोल खाच पडली असेल तर ती पिन वर्षानुवर्षं रोज लावलेली आहे.

सोन्याची एक पिन आहे, तिच्यावर लॅटिनमधलं सगळ्यात जुनं वाक्य कोरलं आहे, आणि ती बनावट निघाली, असे वाचले होते. खरे काय?
— एक वाचक, मडगाव

तुम्ही वाचलंत ते एके काळी बरोबर मानलं जात होतं. आता नाही.

रोमजवळच्या प्राएनेस्ते, म्हणजे आजच्या पालेस्त्रिना गावच्या नावाने ती ओळखली जाते. १८८७ मध्ये व्होल्फगांग हेल्बिग यांनी ती विद्वानांपुढे मांडली. लांब पन्हळीवर उजवीकडून डावीकडे कोरलं आहे: ‘मानिओस मेद फेफाकेद नुमासिओइ’, म्हणजे ‘मानियसने मला नुमेरियससाठी घडवलं’. काळ इ.स.पू. सातवं शतक. १९८० मध्ये मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी हे हेल्बिग यांनी घडवून आणलेलं बनावट काम आहे असं ठामपणे मांडलं, आणि पुष्कळांनी ते स्वीकारलं. २०११ मध्ये एदिल्बेर्तो फोर्मिल्यी आणि दानिएला फेर्रो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरांच्या रेघांतला पृष्ठभाग तपासला. तिथे सोन्याचे सूक्ष्म स्फटिक नव्याने वाढलेले दिसले. हे शतकांच्या काळातच होतं, एकोणिसाव्या शतकातल्या कोणा सोनाराला ते करता आलं नसतं. पिन खरी आणि अक्षरंही खरी.

मला त्या वाक्यात ‘घडवलं’ हे क्रियापद पहिल्यांदा भेटतं याचं फार अप्रूप वाटतं. लॅटिनचं आपल्या हाती असलेलं इतकं जुनं वाक्य, आणि ते कोणा राजाच्या विजयाचं नाही.

सोन्याच्याच बाबतीत आणखी एक. चेर्वेतेरी इथे १८३६ मध्ये उघडलेल्या रेगोलिनी-गालास्सी कबरीतली पिन व्हॅटिकनमध्ये आहे. सुमारे ३० सेंटिमीटर, वरच्या तबकडीवर पाच सिंह, खालच्या भागावर ओळीने बसवलेली इवलीशी बदकं. रोजच्या वापरासाठी ती केलेली नसणार. पण आकार काढून टाका आणि रचना बघा: तबकडी, कमान, सुई. कांस्याच्या साध्या पिनेचंच ते कुळ.

आपल्याकडे अशा पिना उत्खननात मिळतात का? पदराला सेफ्टी पिन लावताना तुमचे टिपण आठवते.
— एक वाचक, नाशिक

इनामगाव, दायमाबाद अशा आपल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत तांब्याच्या वस्तू मिळाल्या, पण असल्या वस्त्रपिना नाहीत. मला त्याचं कारण कापडात दिसतं. सैल विणीच्या जाड लोकरीतून मोठी सुई जाते आणि धागे पुन्हा मिटतात. तलम सुती कापडाला तीच सुई भोक पाडेल. आणि खोचणं, निऱ्या घालणं, गाठ मारणं यांत आपण पहिल्यापासून तरबेज. भूमध्य समुद्राकडून कांस्याच्या वस्तू इकडे आल्या त्या बऱ्याच नंतर; कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती रोमन काळातली. तुमची सेफ्टी पिन अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये पेटंट केली. तिचं वेटोळं एकदा नीट बघा. पेस्किएराच्या पिनेत आणि तिच्यात तत्त्व तसूभरही बदललेलं नाही, फक्त टोकावर टोपण आलं.

मिलानला नोकरी करतो. इथल्या जुन्या बाजारात एकाने मला ‘एत्रुस्कन’ पिन दाखवली. किंमत परवडण्यासारखी आहे. खरी आहे हे कसे ओळखावे? घ्यावी का?
— एक वाचक, मिलान

ओळखायच्या दोन-तीन खुणा सांगते. वेटोळ्याची तार भिंगातून बघा. हातोडीने घडवलेल्या तारेची जाडी जागोजागी किंचित बदलते आणि अंगावर पसरट पैलू राहतात. डायमधून ओढलेल्या आधुनिक तारेची जाडी एकसारखी असते आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने समांतर ओरखडे असतात. हिरवा थर नखाने किंवा ओल्या कापसाने निघाला तर तो रंगवलेला. रेघांच्या आत आणि बाहेर थर सारखाच बसला आहे का, तेही बघा.

पण घेऊ नका. इटलीत १९०९ च्या ३६४ क्रमांकाच्या कायद्यापासून जमिनीतून निघणारी पुरातन वस्तू सरकारच्या मालकीची आहे. त्याआधीच्या खासगी संग्रहातली असेल तर तसा लेखी पुरावा विकणाऱ्याकडे असला पाहिजे, आणि भारतात आणायची तर निर्यातीचा परवाना लागतो. पुरावा नसेल तर ती बहुधा चोरून उकरलेल्या कबरीतली. अशा चोऱ्यांचा माग काढणारं इटालियन काराबिनिएरी पोलिसांचं स्वतंत्र पथक १९६९ पासून काम करतं, आणि वस्तू तुमच्या हातात सापडली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

कबरीतून एकटी उचललेली पिन कोणत्या कुंभावर होती, सोबत चाती होती की वस्तरा, चितेतून गेली होती की नंतर ठेवलेली, यातलं काहीच आता कळणार नाही. मिलानमध्येच स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात प्राचीन इटलीच्या वस्तू आहेत, आणि बोलोन्या वेगवान रेल्वेने तासा-सव्वा तासावर आहे. सान फ्रांचेस्कोचा रांजण तिथेच आहे.